डॉक्टरांना अर्धंच सांगू नका

तुमच्या घरात चौदा ते सतरा वर्षांचं लेकरू आहे. त्याची झोप उडाली होती. किंवा ते घुम्यासारखं कोपऱ्यात बसायचं, नाहीतर उगाच अंगावर धावून यायचं. शेवटी तुम्ही मन घट्ट केलं आणि त्याला अमरावतीला मानसोपचार तज्ज्ञांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. हे तुम्ही फार चांगलं केलं. रिद्धपूर, मोर्शी, चांदूर बाजार या पट्ट्यात अशी कितीतरी घरं आहेत, ज्यांना एवढंही जमत नाही.

आता एक विचारतो. डॉक्टरांनी "काही नशापाणी?" असं विचारलं, तेव्हा तुम्ही काय सांगितलं?

बहुतेक घरांचं उत्तर ठरलेलं असतं. "नाही जी, आमच्या घरात तसलं काही नाही." पोरगं बाजूला मान खाली घालून बसलेलं असतं. त्याच्या खिशात खर्र्याची पन्नी असते.

मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. दोन्ही सांगा. मनाचा आजारही सांगा, नशाही सांगा. एक लपवलं तर दुसऱ्याचा उपचार लागू पडत नाही. मग महिने जातात, पैसा जातो आणि तुम्ही म्हणता, "गोळ्यांनी काही फरक नाही."

कोवळ्या वयात ही दोन्ही दुखणी पुष्कळदा सोबत येतात. ज्या मुलांवर मनाच्या आजाराचा उपचार चालू असतो, त्यांच्यात नशेचं प्रमाण बाकीच्या मुलांपेक्षा जास्त असतं. हे जगभर दिसून आलेलं आहे. म्हणून डॉक्टर विचारतात. तुमच्या घराण्याची अब्रू काढायला नाही विचारत.

कसं होतं ते पाहा. पोराला आतून उदास वाटतं. अभ्यासात लक्ष लागत नाही. मित्र म्हणतो, घे, लाव एक पुडी, डोकं हलकं होते. तासभर डोकं हलकं होतंही. खरी अडचण तीच आहे. उतरलं की उदासी आणखी दाट होते. मग पुन्हा पुडी. काही मुलांचं उलटं असतं. नशा आधी, आजार मागून. गांजानं असं होऊ शकतं. लहान वयात गांजा ओढणाऱ्या काही मुलांना भास होऊ लागतात, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे असं वाटू लागतं. "गांजा म्हणजे झाडपाला, त्यानं काय होते," असं म्हणणारी जाणती माणसं आपल्याकडे कमी नाहीत. धोतराही झाडपालाच आहे.

आधी काय झालं, मागून काय झालं, याचा निवाडा तुम्ही करत बसू नका. ते डॉक्टरांवर सोडा.

हे फक्त शहरात होतं असंही समजू नका. २०१५-१६ मध्ये देशात मानसिक आरोग्याची मोठी पाहणी झाली. तेरा ते सतरा वयाच्या मुलांमध्ये शंभरात सात जणांना मनाचा काही ना काही आजार निघाला. आपल्या गावच्या शाळेतला एक मोठा वर्ग डोळ्यांपुढे आणा. त्यात तीन-चार लेकरं अशी असू शकतात.

नशा म्हटलं की आपल्याला दारू आठवते. पण मुलांच्या हाती आधी लागतो तो खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना. पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळतो. राज्यात गुटखा २०१२ पासून बंद आहे, पण खर्रा ठेल्याठेल्यावर घोटला जातो. आपण त्याला नशेत धरतच नाही. मुलगा पंधरा वर्षांचा असो, तोंडात खर्रा असला की आपण "सवय आहे" म्हणतो आणि सोडून देतो. हे चुकतं. तंबाखू चढला की तरतरी येते, उतरला की चिडचिड आणि बेचैनी. ती चिडचिड आजाराची की तंबाखूची, हे डॉक्टरांना कळायला हवं. नाहीतर विनाकारण गोळी वाढते.

आजच एक करून पाहा. मुलाला तोंड उघडायला सांगा. त्याची स्वतःची तीन बोटं उभी धरून आत जातात का? जात नसतील, तिखट लागताच तोंड भाजत असेल, तर सुपारीनं तोंड आखडायला लागलं असावं. दातांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. हा आजार कर्करोगाकडे जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट हुंगण्याची. पंक्चरचं सोल्युशन, थिनर, व्हाइटनर. दिल्लीच्या एम्सनं केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात मोठ्यांपेक्षा लहानांमध्ये जास्त आढळलेली नशा एकच होती, ती ही हुंगण्याची. थोड्या पैशांत मिळते, कोणाला संशय येत नाही. रुमालाला वास येतो. नाकाभोवती, ओठांभोवती पुरळ येतं. बाहीवर पांढरे डाग असतात. आई कपडे धुते, तिला हे आधी दिसतं. तिचं ऐका. हुंगता हुंगता एकाएकी हृदय बंद पडून मूल दगावू शकतं, अगदी पहिल्या वेळेलासुद्धा.

आणि मुलींना विसरू नका. मुलीच्या हाती चिलम दिसत नाही. पण गुडाखू असतो, आजीच्या झोपेच्या गोळ्या असतात, खोकल्याच्या औषधाची बाटली असते. मुलगी घरात गप्प बसते म्हणून ती ठीक आहे असं नसतं.

आपल्या गावाची एक वेगळी अडचण आहे. ती इथे बोललीच पाहिजे. रिद्धपूर महानुभावांचं मोठं स्थान. कितीतरी घरं पंथाचा उपदेश घेतलेली. दारू-मांस वर्ज्य. अशा घरात पोरानं नशा केली तर घरच्यांना दुप्पट लाज वाटते, आणि लाज वाटली की झाकणं आलं. बाप म्हणतो, मठात कळलं तर? आई म्हणते, पोरीचं लग्न व्हायचं आहे.

पण हे गाव कोणाचं, ते आठवा. महानुभाव ज्यांना अवतार मानतात ते गोविंदप्रभू इथे राहिले. त्यांचं वागणं लोकांना वेड्यासारखं वाटायचं, हे महानुभावांच्या जुन्या ग्रंथांतच नोंदलेलं आहे. तरी गावानं त्यांना मायबापाच्या जागी मानलं. ज्या गावाची ही ओळख, तिथे मनानं आजारी असलेल्या लेकराला लाज म्हणून झाकून ठेवावं, हे मला पटत नाही. देवपूजा करा, नामस्मरण करा, स्थानावर न्यायचं तर न्या. फक्त गोळ्या बंद करून नेऊ नका.

आता विचारायचं कसं?

चार लोकांत विचारू नका. जेवताना विचारू नका. बहिणीसमोर तर नाहीच. शेतात ओलिताला जाताना, गाडीवर मागे बसलेला असताना, संत्र्याच्या झाडाला पाणी देताना विचारा. डोळ्याला डोळा लावायची गरज नसली की मुलं बोलतात. "खरं सांग, नाहीतर..." अशी सुरुवात केली की संपलं. असं म्हणा: "तू सांगशील ते मी ऐकून घेईन. आज मारणार नाही, ओरडणार नाही. डॉक्टरांना खरं कळलं तरच गोळी बरोबर लागेल." आणि मग खरंच ओरडू नका. ते सगळ्यात कठीण आहे.

मुलांच्या नशेचा अंदाज घ्यायला डॉक्टर सहा गोष्टी विचारतात. नशा केलेल्या माणसाच्या गाडीवर बसलास का, किंवा स्वतः तशी गाडी चालवलीस का? मन हलकं करायला घेतोस का? एकटा असताना घेतोस का? घेतल्यावर काय केलं ते विसरतोस का? घरचे, मित्र म्हणतात का, की कमी कर? कधी अडचणीत सापडलास का? हे तुम्हीही मनात ठेवा. त्यातला "एकटा असताना" हा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. मित्रांत बसून घेणारा आणि गोठ्यामागे एकटाच घेणारा, यांत फरक आहे.

तारखेला दवाखान्यात गेलात की दहा मिनिटं बाहेर बसा. मुलाला डॉक्टरांशी एकटं बोलू द्या. यात तुमचा अपमान नाही. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांना २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं बंधनकारक आहे. ते शाळेत सांगत नाहीत, पोलिसांत सांगत नाहीत. जिवावर बेतण्यासारखं काही असेल तर ते तुम्हाला सांगतीलच.

पोलिसांची भीती बऱ्याच घरांना गप्प बसवते. त्यावर एक माहिती असू द्या. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात ६४ अ हे कलम आहे. सेवन करणारा, किंवा जवळ अगदी थोडा माल सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यातून सूट मिळते. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. कायदासुद्धा उपचाराचं दार उघडं ठेवतो.

गोळ्यांबद्दल नीट ऐका.

गोळ्यांची पाकिटं तुमच्या ताब्यात ठेवा. रोजची गोळी हातावर द्या, पाणी द्या, गिळेपर्यंत थांबा. मेडिकलवर मुलाला एकट्याला चिठ्ठी देऊन पाठवू नका. मन शांत करणाऱ्या, झोप आणणाऱ्या काही गोळ्यांची सवय लागते. त्या मित्रांत वाटल्या जातात, विकल्या जातात. त्यांच्यावर दारू घेतली तर श्वास मंदावून माणूस झोपेतच जाऊ शकतो. उदासीवरच्या नेहमीच्या गोळ्या मात्र अशा नसतात. त्यांची झिंग येत नाही. "एक नशा सोडवायला दुसरी लावली," असं म्हणून त्या बंद करू नका.

बिडी-सिगारेटच्या धुरानं मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांचा अंगातला जोर कमी होतो. मुलानं बिडी एकदम सोडली तर तीच गोळी जड पडू शकते. म्हणून सुरू केली तरी सांगा, सोडली तरी सांगा.

रोज दारू पिणाऱ्या मुलाला घरात कोंडून एकाएकी दारू तोडू नका. हातपाय थरथरणं, घाम, बडबड, झटके येऊ शकतात. ते दवाखान्याचं काम आहे.

आणि ती पावडर. भिंतीवर, एसटीच्या थांब्यावर जाहिरात असते, न सांगता दारू सोडवा, चहात मिसळा. चहात मिसळू नका. दारूविरुद्धचं एक खरं औषध असं आहे, की त्यावर दारू प्यायली तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब खाली जातो. माहीत असलेला माणूस सांभाळून राहतो. माहीत नसलेलं पोरगं रात्री पिऊन येतं आणि एखाद्या वेळी सकाळ पाहत नाही. पुडीत नेमकं काय आहे, हे विकणारालाही पुष्कळदा ठाऊक नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा लेख अर्धवट सोडून आधी हे काम करा म्हटलं तरी चालेल. फवारणीचं औषध कुलपात ठेवा.

कपाशी असो की संत्रा, आपल्या प्रत्येक घरात फवारणीची बाटली असते. गोठ्यात, खाटेखाली, कणगीच्या मागे. उदास मूल, त्यात पोटात दारू, आणि हाताशी बाटली. अशा वेळी विचार फार वेळ चालत नाही. मनात आलेली ती लाट बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरते. तेवढा वेळ बाटली हाती लागली नाही, तर लेकरू वाचतं. लोखंडी पेटी घ्या, कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या करगोट्याला बांधा. उरलेलं औषध घरी आणूच नका. मरणाचं बोललं तर "नाटकं करते" म्हणू नका. एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मूल नशेत बेशुद्ध सापडलं तर कुशीवर वळवा. तोंडात लिंबूपाणी, ताक, काही घालू नका. उलटी काढायचा प्रयत्न करू नका. १०८ ला फोन करा. काय घेतलं असेल त्याची बाटली, पुडी, पाकीट सोबत न्या.

व्यसनमुक्ती केंद्रात टाकायचा विचार असेल, तर आधी तिथे स्वतः जाऊन या. विचारा: मानसोपचार तज्ज्ञ येतात का? चालू गोळ्या चालू ठेवता का? अठराच्या आतल्या मुलांना मोठ्यांपासून वेगळं ठेवता का? कायद्यानं मुलांना वेगळंच ठेवावं लागतं आणि घरचं किंवा घरच्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण वेळ सोबत राहावं लागतं. साखळीनं बांधण्यावर पूर्ण बंदी आहे. "गोळ्या बंद करू, मार खाल्ला की सुतासारखा सरळ होईल," असं जिथे ऐकाल, तिथून तुमचं पोरगं घेऊन परत या. चांगलं काम करणाऱ्या संस्था आपल्या राज्यात आहेत. पुण्याचं मुक्तांगण डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलं. तिथे घरच्या माणसांनाही समजावून सांगितलं जातं, कारण व्यसनानं अख्खं घर आजारी पडतं.

पण पुण्यापर्यंत जायची गरज सगळ्यांना नसते. मोर्शीला उपजिल्हा रुग्णालय आहे. अमरावतीला इर्विन रुग्णालय आहे. अकोल्याकडच्यांना सर्वोपचार रुग्णालय आहे. नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. गावात आशाताई आहेत. शेतकरी कुटुंबांतला ताण ओळखून समुपदेशन करणारा सरकारचा प्रेरणा प्रकल्प २०१५ पासून आपल्या भागात आहे. आशाताईला विचारायला लाजू नका, ती तुमच्याच वस्तीतली आहे.

गावात हे होत नाही असं म्हणणारांसाठी सांगतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचं काम झालं. गावोगावच्याच माणसांना शिकवून उदासीच्या आजाराबद्दल घरोघरी बोलणं सुरू केलं. आधी उदासी असलेल्या शंभरांतले जेमतेम चार जण मदत घेत होते. दीड वर्षात ते सत्तावीस झाले. तीच गावं, तेच लोक. फरक एवढाच की विषय बोलला जाऊ लागला.

मोठ्यांसाठी एक कडू घोट. "बाबू, जाय बरं, ठेल्यावरून एक खर्रा घेऊन ये." हे कितीतरी ओसरीवर रोज ऐकू येतं. पोराला ठेल्याची वाट आपणच दाखवतो. अठराच्या आतल्या मुलाला तंबाखू विकणं गुन्हा आहे. लहान मुलाला दारू, तंबाखू, अमली पदार्थ देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ठेलेवाल्याला हे शांतपणे सांगा. तोही गावातलाच आहे, त्यालाही लेकरं आहेत. नाही ऐकलं तर चार बाप मिळून जा.

आणि घरात मोठं माणूस पीत असेल तर? गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. वडील झिंगराजी दारूपायी गेले. लहानग्या डेबूला घेऊन आईला दापुऱ्याला माहेरी जावं लागलं. पुढे बाबांनी आयुष्यभर कीर्तनातून दारूवर कोरडे ओढले. प्रत्येक डेबूचा गाडगेबाबा होत नाही. काही जण बापाच्याच वाटेनं जातात. तेव्हा मुलासोबत बापानंही तपासून घ्यावं. एकाच दिवशी, एकाच दवाखान्यात.

उपचार सुरू झाले की सहा महिने पोरगं नीट राहील. मग पोळ्याची कर येईल, नाहीतर चुलतभावाची वरात, आणि ते घेऊन येईल. तुम्ही म्हणाल, सगळं पाण्यात गेलं. नाही गेलं. घसरणं हे या दुखण्यात होतंच. त्या रात्री काही बोलू नका, झोपू द्या. सकाळी चहा द्या आणि डॉक्टरांना फोन करा. पुढच्या वेळी अशा दिवसांच्या आधीच ठरवून ठेवा, मामाकडे पाठवायचं की सोबत न्यायचं. रोज रुमाल हुंगत बसलात, खिसे चाचपत बसलात, तर मूल लपवायला शिकेल. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, त्याला सांगून विचारा.

हे नंबर चुलीजवळच्या भिंतीवर लिहा. टेली-मानस १४४१६. मनाच्या त्रासासाठी, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. २०२२ पासून चालू आहे. नशामुक्तीसाठी १४४४६. मुलांच्या अडचणीसाठी १०९८. मूल स्वतःही फोन करू शकतं, तेव्हा त्याला दिसेल असे लिहा.

पुढच्या तारखेला दवाखान्यात जाल तेव्हा जुनी चिठ्ठी न्या, गोळ्यांची पाकिटं न्या. आणि मागच्या वेळी जे सांगायचं राहिलं, ते या वेळी सांगा.